उसवलेला रुमाल आणि समुद्रातले प्रवाळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आपण वर्धापनदिनाला बाहेरच्या एखाद्या विदुषीला बोलावतो. यंदा कार्यकारिणीने घरच्याच माणसाला उभे केले आहे. मंडळात माझी ओळख हलव्याच्या दागिन्यांची आणि क्रोशाच्या रुमालांची. व्याख्यान देण्याचा मला सराव नाही. म्हणून हातात सुई-दोरा घेऊनच उभी राहिले आहे. हात रिकामे असले की माझी जीभ अडखळते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

गेल्या श्रावणापासून आपल्यापैकी चौदाजणी दर गुरुवारी दुपारी मंडळाच्या खोलीत जमून लोकरीचे रंगीबेरंगी, वेडेवाकडे तुकडे विणत आहेत. 'हे काय चालले आहे? हे रुमाल नव्हेत, तोरणे नव्हेत, बाळाचे टोपरेही नव्हे,' असे अनेकींनी विचारले. एकदोघींनी जरा रागानेही विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर देणे मी लागते. ते उत्तर थोडे लांबचे आहे. त्यात माझ्या आईचा एक रुमाल आहे, शाळेतला एक प्रश्न आहे आणि समुद्रातले प्रवाळ आहेत.

आधी रुमालाची गोष्ट सांगते. मी नऊदहा वर्षांची असताना आईने मला क्रोशाची सुई हातात दिली. घरात नवा रेडिओ आला होता आणि त्यावर घालायला गोल रुमाल हवा होता. आईने साखळी शिकवली, मुका खांब शिकवला, आणि प्रत्येक फेरीत टाके किती वाढवायचे तेही सांगितले. मला मात्र घाई. एका टाक्यात दोन खांब घातले की रुमाल भराभर मोठा होतो, हे माझ्या ध्यानात आले आणि मी प्रत्येक टाक्यात दोनदोन घालीत सुटले. चारपाच फेऱ्यांत त्या रुमालाला अशी झालर पडली की तो रेडिओवर काय, जमिनीवरही सपाट बसेना. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा उभा राहिला. मला तो फार आवडला होता. आईने तो हातात घेतला, दोन बाजूंनी ओढून पाहिला आणि म्हणाली, "अगं, टाके फार झाले. उसव." मी रडत रडत तो उसवला. उसवलेल्या दोऱ्याचा तो कुरळा गुंता अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

दुसरी गोष्ट शाळेची. भूमितीच्या तासाला आम्हाला समांतर रेषा शिकवीत होते. एक सरळ रेषा घ्या, तिच्या बाहेर एक बिंदू घ्या. त्या बिंदूतून पहिल्या रेषेला समांतर अशी एकच रेषा काढता येते. मी उभी राहिले आणि विचारले, "एकच कशावरून? दुसरी नसेलच हे कोणी शेवटपर्यंत जाऊन पाहिले आहे?" वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "खाली बस. पुढच्या वर्षी तुला साधे गणितच घ्यायचे आहे." त्या काळी मुलींना बीजगणित-भूमितीऐवजी साधे गणित घेण्याची सवलत होती, आणि सवलत म्हणता म्हणता तो रिवाजच होऊन बसला होता. मीही साधे गणित घेतले आणि १९६७ साली मॅट्रिक झाले. गुरुजींना मी दोष देत नाही. त्यांनाही कोणी कधी त्यापुढचे सांगितले नसेल. पण भूमितीचे पुस्तक मिटले ते मिटलेच.

त्यानंतर त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षे मी संसार केला. रुमाल विणले, तोरणे विणली, भाचरांची टोपरी विणली. भूमिती कुठे आठवायची? पण २०११ च्या मार्च महिन्यात मी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत होते. तिचे घर वॉशिंग्टनपासून जवळ. एका रविवारी जावयांनी मला तिथले निसर्गेतिहासाचे मोठे वस्तुसंग्रहालय दाखवायला नेले. स्मिथसोनियन या संस्थेचे ते संग्रहालय. हत्ती, देवमासे, हिरे-माणके असे सारे पाहून पाय दुखायला लागले असताना एका दालनात मी थबकले. काचेच्या पेटीत समुद्राचा तळ होता. लाल, केशरी, जांभळी, हिरवी अशी झाडेझुडपे, तुरे, पंखे, कळ्या. आणि भगिनींनो, ते सगळे लोकरीचे होते. क्रोशाचे! मी चष्मा पुसून जवळ गेले. टाका ओळखीचा होता. मुका खांब. एका टाक्यात दोनदोन घातलेले. माझा रेडिओवरचा रुमाल तिथे शेकड्यांनी उभा होता, आणि लोक रांगेने येऊन तो पाहत होते.

जावयांनी पाटीवरचा मजकूर मला वाचून सांगितला. घरी आल्यावर मी त्यांना आणखी पुस्तके आणायला लावली. त्यातून मला जे कळले, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी युक्लिड नावाच्या ग्रीक पंडिताने भूमितीचा ग्रंथ रचला. आपल्या शाळेतली भूमिती ती हीच. त्याने काही गोष्टी सिद्ध न करता गृहीत धरल्या. त्यांतल्या पाचव्या गृहीतकाचा अर्थ असा, की बाहेरच्या बिंदूतून समांतर रेषा एकच. हे गृहीतक पंडितांना कायम खटकत राहिले. ते सिद्ध करण्यासाठी पिढ्यान्पिढ्या माणसे खपली. हंगेरीतल्या फार्कश बोल्याई या गणितज्ञांनी त्यात वर्षे घालवली आणि शेवटी आपल्या मुलाला कळकळीने सांगितले, की बाबा रे, या समांतर रेषांच्या नादी लागू नकोस. मुलाने ऐकले नाही. त्या यानोश बोल्याई यांनी १८३२ साली, आणि रशियातल्या लोबाचेव्हस्की यांनी त्याआधी १८२९ साली, एकमेकांना न कळता, तीच गोष्ट प्रसिद्ध केली: एका बिंदूतून एकच नव्हे तर वाटेल तितक्या रेषा अशा काढता येतात, की ज्या पहिल्या रेषेला कधीच मिळत नाहीत, आणि असे मानूनही भूमिती कुठे विसंगत होत नाही. जर्मनीतले थोर गणितज्ञ गाउस यांनाही हे उमगले होते, पण त्यांनी ते छापले नाही. या भूमितीला अपास्तीय भूमिती म्हणतात. इंग्रजीत हायपरबोलिक.

म्हणजे वर्गात मी विचारलेला प्रश्न वेडगळ नव्हता. तो थोरामोठ्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर माझ्या जन्माआधी सव्वाशे वर्षांवर लागलेले होते. संग्रहालयातून परतताना मी गाडीत बराच वेळ बोलले नाही. जावयांना वाटले, मी दमले.

आता तुम्ही म्हणाल, ही भूमिती असते तरी कशी? ती दिसते कशी? हाच प्रश्न गणित शिकवणाऱ्यांपुढेही होता. कागदावर ती नीट मावत नाही. अमेरिकेतले गणितज्ञ विल्यम थर्स्टन यांनी १९७० च्या दशकात कागदाच्या वाकड्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून तिचा नमुना करण्याची युक्ती सुचवली. पण कागदच तो. हाताळला की फाटायचा. पुढे कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिना नावाच्या बाई हा विषय शिकवणार होत्या. त्या लॅटव्हिया देशातल्या. लहानपणी घरी विणकाम शिकलेल्या. १९९७ साली त्यांनी विचार केला, की हा नमुना विणून का करू नये? दोन सुयांवर विणायचे तर इतके टाके सुईवर मावणार नाहीत. क्रोशाला मात्र एका वेळी सुईवर एकच टाका. म्हणून त्यांनी क्रोशा घेतला, आणि ज्या गोष्टीचे चित्र काढायला पंडितांना इतके कष्ट पडले ती विद्यार्थ्यांच्या हातात मऊ, न फाटणाऱ्या रूपात ठेवली.

मी तीन नमुने करून आणले आहेत. ते मागे फिरवते आहे, हातात घेऊन पाहा.

पहिला सपाट आहे. सहा मुक्या खांबांनी सुरुवात, आणि दर फेरीला सहाच टाके वाढवले: सहा, बारा, अठरा, चोवीस. सातव्या फेरीत बेचाळीस. तो तबकडीसारखा बसतो. ही युक्लिडची, शाळेतली भूमिती.

दुसऱ्यात टाके कमी वाढवले. त्याची वाटी झाली, पुढे टोपरे होईल. ही चेंडूची, पृथ्वीच्या गोलाची भूमिती. गोलावर समांतर रेषा नाहीतच. नकाशातल्या उभ्या रेषा विषुववृत्तावर समांतर वाटतात, पण ध्रुवावर साऱ्या एकत्र येतात.

तिसऱ्यात प्रत्येक टाक्यात दोन खांब घातले. सहा, बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस असे करता करता सातव्या फेरीत तीनशे चौऱ्याऐंशी टाके होतात. सपाट नमुन्यात बेचाळीस होते, हे लक्षात घ्या. बाराव्या फेरीपर्यंत गेलात तर सपाट नमुन्यात बहात्तर, आणि यात १२,२८८! इतके टाके बसायला जागा कुठे? म्हणून कड दुमडते, वळते, झालर होते. प्रत्येक टाक्यात दोन घालायलाच हवेत असे नाही. दर पाच टाक्यांमागे एक वाढवलात तरी चालेल, झालर सावकाश पडेल. नियम एवढाच, की धरलेले प्रमाण शेवटपर्यंत सोडायचे नाही.

या तिसऱ्या नमुन्यावर मी लाल दोऱ्याने एक सरळ रेषा टाचली आहे. कापडावर सरळ रेषा कशी काढायची? घडी घालायची, घडी पडते ती सरळच पडते. त्या लाल रेषेबाहेर एक मणी शिवला आहे, आणि त्या मण्यातून तीन वेगवेगळ्या घड्या घालून तीन हिरव्या रेषा टाचल्या आहेत. बोटाने चाचपून पाहा. तिन्ही सरळ आहेत, आणि एकही लाल रेषेला मिळत नाही. बोल्याईंनी आणि लोबाचेव्हस्कींनी जे लिहून ठेवले, ते हे. अर्थात आपण विणतो तो या भूमितीचा एक तुकडा. ती संपूर्ण, कुठेही न मोडता, आपल्या अवकाशात अशी बसवता येत नाही, हे हिल्बर्ट या गणितज्ञांनी १९०१ साली सिद्ध केले आहे. पण साडीचा पदर पाहून साडीची कल्पना येते, तशी या तुकड्यावरून त्या भूमितीची कल्पना येते.

आता प्रवाळांकडे वळू. मार्गारेट आणि ख्रिस्तीन वर्थाइम या जुळ्या बहिणी. जन्म ऑस्ट्रेलियातला, क्वीन्सलँड प्रांतातला. तिथल्या किनाऱ्यालगत दोन हजार तीनशे किलोमीटर लांबीची प्रवाळांची रांग आहे, ग्रेट बॅरियर रीफ. मार्गारेट विज्ञानावर लिहिणाऱ्या, ख्रिस्तीन कवयित्री आणि कलेच्या अध्यापिका. लॉस एंजलिस येथे त्यांनी २००३ साली इन्स्टिट्यूट फॉर फिगरिंग नावाची छोटी संस्था काढली. गणित आणि विज्ञान यांतले सौंदर्य सामान्य माणसाला हातांनी कळावे, हा तिचा हेतू. तायमिनाबाईंचे नमुने पाहून या दोघी घरी क्रोशा घेऊन बसल्या. विणता विणता त्यांनी नियम थोडा सैल केला. कुठे टाके जास्त, कुठे कमी. आणि काय आश्चर्य, तुकडे समुद्रातल्या जिवांसारखे दिसू लागले! टेबलावर साठलेला तो ढीग पाहून ख्रिस्तीन यांच्या मनात आले, की आपण प्रवाळांची अख्खी बागच विणू शकू. हे २००५ साल.

दिसणे सारखे झाले, याला कारण आहे. समुद्रातल्या कित्येक जिवांना जागा थोडी असते आणि अंग मात्र पसरट हवे असते. कारण वाहत्या पाण्यातून अन्न टिपायचे ते अंगाच्या पृष्ठभागानेच. थोड्या जागेत जास्त पृष्ठभाग बसवायचा तर झालर घालण्यावाचून उपाय नाही. आपल्या अंगणातल्या कोंबड्याच्या फुलालाही तशीच झालर असते. पंडितांना दोन हजार वर्षे जी भूमिती अशक्य वाटली, ती झाडे आणि समुद्रातले जीव मुकाट्याने वापरीत होते. आणि बायका टाके चुकले की उसवून टाकीत होत्या.

प्रवाळ म्हणताच आपल्याला पोवळे आठवते. काही घरांत मंगळसूत्रातही पोवळे ओवतात. ते दागिन्याचे तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले; तेही एका सागरी जिवाचा सांगाडाच. मी सांगते आहे ते प्रवाळ निराळे, उथळ आणि उबदार समुद्रात बेटे आणि रांगा बांधणारे. प्रवाळ हा दगड नाही आणि झाडही नाही. तो इवल्या इवल्या प्राण्यांचा मोठा एकत्र कुटुंबकबिला. प्रत्येक जीव स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतो. त्याच्या अंगात अतिसूक्ष्म शेवाळ राहते. शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न शिजवते आणि घरमालकाला देते. घरमालक त्याला आसरा देतो. प्रवाळाचा रंग पुष्कळसा या शेवाळाचा. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून जेमतेम एक अंश जरी जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी हे बिऱ्हाड मोडते. प्रवाळ शेवाळाला बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. तो लगेच मरत नाही. पाणी वेळेवर निवले तर शेवाळ परत येते. नाही निवले तर उपासमार होऊन मरतो.

ग्रेट बॅरियर रीफवर असा पांढरेपणा १९९८ आणि २००२ साली मोठ्या प्रमाणावर आला. मग २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४. सालांमधले अंतर कसे कमी होत गेले ते पाहा. आजाऱ्याला उठून बसायलाही उसंत नाही. समुद्र तापतो आहे तो कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत सोडलेल्या वायूमुळे. समुद्रतळाचा शेकडा एक भागही या प्रवाळांनी व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या जीवजातींपैकी सुमारे चतुर्थांश जातींना त्यांचा आधार आहे. त्यांत मासे आले, आणि माशांवर पोट असलेली माणसेही आली.

हे संकट दूर ऑस्ट्रेलियातलेच आहे असे समजू नका. आपल्या मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, समुद्राखाली प्रवाळ आहेत. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गाच्या पश्चिमेला भर समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे, त्यावरही प्रवाळ आहेत; कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. एवढेच काय, मुंबईत सागरी किनारा रस्ता बांधताना वरळी आणि हाजी अली येथील खडकांवरचे प्रवाळ २०२० साली उचलून दुसरीकडे लावावे लागले. आपण मालवणची सहल काढली होती तेव्हा किल्ला पाहिला, खाजे खाल्ले, पण पाण्याखाली काय आहे हे आपल्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

वर्थाइम भगिनींचे काम पुढे फार वाढले. प्रदर्शने २००७ साली सुरू झाली. शिकागो, लंडन, डब्लिन, अबुधाबी, तायमिनाबाईंच्या लॅटव्हियातले रीगा अशा ठिकाणच्या लोकांनी आपापल्या प्रवाळबागा विणल्या. २०१९ साली व्हेनिसच्या नामांकित कलाप्रदर्शनात हे काम मांडले गेले. २०२२ साली जर्मनीत बाडेन-बाडेन येथे सुमारे चार हजार लोकांनी मिळून चाळीस हजारांच्या आसपास प्रवाळ विणून पाठवले. यांत बहुसंख्य बायका. गणिताची पदवी असलेल्या थोड्या, स्वयंपाकघर सांभाळून विणणाऱ्या पुष्कळ. समुद्रात साचणाऱ्या कचऱ्याकडे लक्ष वेधण्यासाठी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्या आणि जुन्या कॅसेटच्या फिती विणूनही प्रवाळ केले. मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की विणणाऱ्यांची नावे नोंदून प्रदर्शनात लावली जातात. आपल्या आई-आज्यांनी विणलेल्या कुठल्या रुमालावर कोणाचे नाव आहे, सांगा?

आता रागावलेल्या भगिनींकडे येते. गेल्या दिवाळीच्या विक्रीत आपले रुमाल आणि तोरणे कमी पडली, कारण चौदा हात प्रवाळ विणण्यात गुंतले होते. मंडळाच्या निधीत तूट आली. आपल्या खजिनदारबाई मला स्पष्ट म्हणाल्या, "लोकरीचे प्रवाळ करून समुद्रातला एक तरी प्रवाळ जगणार आहे का? रुमाल विकून निदान दोन मुलींच्या वह्या-पुस्तकांचा खर्च तरी निघतो." हा आक्षेप खोटा नाही. मी रात्रभर त्यावर विचार केला. लोकरीच्या प्रवाळाने समुद्र थंड होत नाही, हे खरेच. लोकरीतही हल्ली प्लॅस्टिकचाच धागा पुष्कळ असतो. आपण नवी लोकर विकत आणून बाग विणू लागलो तर तो आपणच आपल्यावर केलेला विनोद होईल. म्हणून त्यानंतर आम्ही ठरवले, की नवा धागा आणायचा नाही. उसवलेले स्वेटर, उरलेले गुंडे आणि धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, यांतूनच विणायचे. आणि दिवाळीच्या आधीचे दोन महिने रुमालांचे, ते त्यांनाच द्यायचे. खजिनदारबाईंनी हे मान्य केले. इतकेच नव्हे, तर पिशव्यांच्या सलग पट्ट्या कशा कापाव्या ते त्यांनीच आम्हाला दाखवले. बागेतला तो पांढरा, दुधाच्या पिशव्यांचा मोठा तुरा त्यांच्या हातचा आहे. पांढऱ्या पडलेल्या प्रवाळाच्या जागी तो ठेवला आहे.

पण प्रश्नाचे उत्तर एवढ्याने पुरे होत नाही. मग याचा उपयोग काय? मला जे वाटते ते सांगते. पेपरात आपण समुद्र तापल्याची बातमी वाचतो आणि पान उलटतो. पण एकेक टाका घालून तळहाताएवढा प्रवाळ विणायला आठवडा गेला, म्हणजे हातांना त्याची किंमत कळते. ज्याच्यावर हाताचे कष्ट पडले, ते मरताना पाहून आपण पान उलटत नाही. मुलांना भूमिती शिकवायची तर व्याख्या पाठ करून घेता येते, आणि विणूनही दाखवता येते. व्याख्या परीक्षेनंतर विसरते. हातांनी शिकलेले टिकते. मी उदाहरण समोरच उभी आहे. साठ वर्षांपूर्वी उसवलेला रुमाल मी अजून विसरलेले नाही.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी आपल्या एका भगिनीबरोबर तिची सातवीतली नात आली होती. मी तिला हाच लाल-हिरव्या दोऱ्यांचा नमुना दाखवला. तिने बराच वेळ तो उलटसुलट केला आणि विचारले, "आजी, मग पुस्तकात एकच समांतर रेषा असते असे का लिहिले आहे? पुस्तक चुकले का?" माझ्या अंगावर काटा आला. मी तिला म्हटले, "पुस्तक चुकले नाही, बाळ. ते सपाट कागदापुरते बोलते. कागद कसा आहे, हे आधी विचारायचे." ती म्हणाली, "मग आपले जग कसे आहे, सपाट की झालरीचे?" याचे उत्तर मला देता येईना. मी म्हटले, "हे तू मोठी होऊन शोध, आणि मला येऊन सांग." तिला मी खाली बस म्हटले नाही, याचे मला समाधान आहे.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपली ही बाग पेटीत बंद करून ठेवू नये. जवळच्या नगरपालिकेच्या शाळेत ती आठ दिवस मांडावी, आणि समजावून सांगायला मुलींनाच उभे करावे. दुसरी, बागेशेजारी विणणाऱ्या प्रत्येकीचे नाव लिहावे, मग तिने एकच तुरा का विणलेला असेना. तिसरी, पुढची मालवणची सहल काढाल तेव्हा पाण्यात उतरणाऱ्यांना आधी सांगावे, की प्रवाळावर पाय देऊ नका, त्याला हात लावू नका, तोडून तर मुळीच आणू नका. आपल्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. आणि नावाड्यालाही सांगावे, की नांगर प्रवाळावर टाकू नको.

आई आता नाही. तिने मला उसवायला लावले, ते तिच्या रुमालाच्या हिशेबाने बरोबरच होते. रेडिओवर झालर कशी बसणार? पण ती असती, तर तिला मी संग्रहालयात नेले असते आणि म्हटले असते, "आई, बघ, टाके फार झाले नव्हते." तिला नेता आले नाही, म्हणून मंडळात सांगितले.

नमुने मागच्या रांगेपर्यंत पोचले असतील तर कृपा करून परत पाठवा. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत यावे. येताना घरातला एक जुना स्वेटर आणि क्रोशाची सुई आणावी. सुई नसली तरी यावे, माझ्याकडे आहेत.